कड्यावरचं बेणं

भादव्याचं ऊन पडायला लागलं की मला हल्ली बरं वाटत नाही. ताप नसतो, खोकला नसतो. अंबाजोगाईत राहणाऱ्या माणसाला दवाखान्यांची वाण नाही, पण डॉक्टरांपुढे बसून सांगायचं काय? तेरडा फुलला की छातीत धडधडतं, असं? सकाळी गवतावर दव, दुपारी पाठीला चटका, सोयाबीनच्या वाळत आलेल्या शेंगा, बांधावर कुर्डूचे गुलाबी तुरे. बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं ह्या दिवसांत हरखून जायला हवं. पूर्वी मी जायचेही. भाद्रपदात माझा पाय घरात ठरायचा नाही, आणि आमच्या घरात त्यावरून चेष्टाही भरपूर व्हायची. "हिला गौरीबरोबरच बोळवा, म्हणजे डोंगरात मोकळी फिरेल," असं सासरे म्हणायचे. आता हे दिवस आले की मी खिडकीचा पडदा ओढून घेते आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसते.

आमच्याकडचे बालाघाटाचे डोंगर तसे बसकेच. लांबून पाहिलं तर माथे सुरीनं कापून टाकल्यासारखे सपाट. पण मध्येच एखादा कडा असा लागतो की वरून पाहायचं तर पालथं पडूनच पाहावं लागतं. मी सांगतेय तो कडा एका धनगरवाडीच्या मागं आहे. काळा, सरळ उभा, आणि निम्म्यावर माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या रुंदीची एक लांबलचक पट्टी. वाडीतली माणसं तिला 'फळी' म्हणतात. मी उमेदीच्या काळापासून खालून दुर्बीण लावून त्या फळीकडे पाहत आले. तिथं काहीतरी हिरवं, नाजूक, वाऱ्यानं हलणारं दिसायचं. काय आहे ते कळायचं नाही. पुढं गुडघे कुरकुरायला लागले आणि मी मनातल्या मनात त्या फळीला नमस्कार करून टाकला.

चार वर्षांपूर्वी आमच्या विभागाला एका योजनेतून पाहणीचं काम मिळालं. माणूस पोचू शकत नाही अशा कड्यांवर काय उगवतं ते ड्रोननं पाहायचं. 'अगम्य कडे' हे शब्द अर्जात मीच घातले होते आणि ते मला फार आवडले होते. कॉलेजकडं ड्रोन नव्हता. मग सिरसाळ्याचा दत्ता सापडला. दत्ता लग्नाचं शूटिंग करतो. नवरदेव घोड्यावर बसला की त्याच्या फेट्यावरून ड्रोन फिरवणं, मांडवात अक्षता पडताना वरून चित्र घेणं, हा त्याचा धंदा. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळं नेमक्या माझ्या फुलांच्या दिवसांत त्याचा ड्रोन मोकळा. परवानगीचे कागद मी केले आणि उडवायचं काम त्यानं अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी पायथ्याशी उभा राहून तो म्हणाला, "म्याडम, नवरी कंची ते सांगा फक्त. तिच्यावरच फोकस ठिवतो."

तो दिवस मला अजून वासासकट आठवतो. ओल्या लेंड्यांचा, चुरडलेल्या तुळशीवर्गी रोपांचा, दत्ताच्या खिशातल्या सुपारीचा वास. ड्रोन गुणगुणत वर चढला. कड्याला लागून वर येणारा वारा त्याला सारखा बाहेर ढकलत होता. एक घार येऊन त्याच्याभोवती फिरायला लागली तसा दत्ता ओरडला, "ए, सरक की बे! तुला कुनी आवतन दिलं?" स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून मी छत्री धरून त्याच्या खांद्याशी उभी. आणि मग ती फळी आली. आयुष्यभर खालून पाहिलेली जागा एकदम वीतभर अंतरावर. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खरपुडीच्या वेली, आणि त्या वेलींना फुलं. मी छत्री सोडून दिली आणि चक्क दत्ताचा हात धरला. बिचारा घाबरला.

खरपुडीचं फूल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगणं अवघड आहे. बोटाच्या पेराएवढं असतं. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून झालेला बारीकसा पिंजरा. पुस्तकात म्हणूनच तिला कंदीलपुष्प म्हणतात. माशी वासाला भुलून आत जाते, आतले केस तिला अडवून ठेवतात आणि फूल मावळायला लागलं की सोडून देतात. जमिनीखाली चपटा कांदा. धनगरांची लेकरं तो उकरून, सदऱ्याला नाहीतर फ्रॉकला पुसून कच्चाच खातात. मीही खाल्लाय. करकरीत लागतो आणि मागून किंचित कडू. म्हणूनच उतारावर खरपुडी शोधायला गेलं की दिवसभरात चार-दोन दिसल्या तर नशीब. आणि इथं फळी भरून. दत्तानं ड्रोन आणखी जवळ नेला तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक वेलीच्या बुडाशी एकेक चपटा दगड आहे.

भागामावशी तेवढ्यात शेळ्या घेऊन तिथं आल्या, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. खरं तर त्या आधीपासूनच तिथं होत्या. आलो होतो आम्ही. साठी ओलांडलेल्या, काटक, कपाळावर हिरवं गोंदण, हातात पाला ओढायची आकडी. वाडीच्या टोकाला त्यांचं घर. मालक दोन-तीन वर्षांमागं वारले होते, लेकी दिल्या घरी, आणि वीस-बावीस शेळ्या हाच त्यांचा संसार. मी पुन्हा उचलून धरलेल्या छत्रीखाली त्या शिरल्या, स्क्रीनवर बोट ठेवलं, चित्र एकदम मोठं झालं तशा दचकल्या, आणि मग हसून म्हणाल्या, "ह्यो दगूड आमच्या मालकानं ठुलेला हाय, बाई."

मी म्हणाले, "कुठला?"

"ह्यो न्हाई का. आन् पल्याडचे ते सोपानानं ठुलेले. धाकला दीर माजा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दरवर्षी मिरगाच्या आधी वरून झाडाला दोर बांधून एक माणूस फळीवर उतरायचा. भेगेत मूठभर लेंड्या भरायच्या, त्यात खरपुडीचा कांदा ठेवायचा आणि वर दगड. दगड नाही ठेवला तर पाऊस धुऊन नेतो, मोर उकरतात. मी विचारलं, एवढा जिवावरचा उद्योग कशासाठी?

"बेणं नगं व्हय? खाली लेकरं खात्यात, शेरडं खात्यात, आमी बी खातो. मागं दुस्काळात समदा डोंगुर उकरून खाल्ला व्हता म्हन. माजी सासू सांगायची. तवापून फळीवरचं कुनी खायाचं न्हाई. त्याचं बी उडून खाली येतंय. वरचं हाय म्हनून खालचं हाय, बाई."

"हो का," मी म्हणाले.

एवढंच. माझ्या हातात वही होती, पेनाचं टोपण निघालेलं होतं, आणि मी 'हो का' म्हणाले. वहीत मी त्या दिवशीचं तापमान लिहिलं, वाऱ्याची दिशा लिहिली, उंचीचा अंदाज लिहिला. भागामावशींचं एकही वाक्य लिहिलं नाही. विसरले म्हणून नाही. लिहायचं नाही असं मी त्याच क्षणी ठरवलं, आणि ते ठरवायला मला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही, ह्याचीच आज जास्त लाज वाटते. एक धनगर दोर लावून वर्षानुवर्षं जिथं उतरतो, त्या जागेला मी अगम्य कशी म्हणणार होते? मग ड्रोन कशाला, योजना कशाला, आणि मी तरी कशाला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाती काहीतरी मोठं लागलं होतं. माणसाचा हात न लागलेली खरपुडीची वस्ती! ती एका बाईच्या चार वाक्यांनी परसबाग होऊन बसली असती. मी मनाशी म्हटलं, वाडीतल्या गोष्टी आहेत, पुरावा काय? जणू तो चपटा दगड स्क्रीनवर दिसतच नव्हता.

अहवालात दगड मात्र टाळता येईनात, कारण प्रत्येक चित्रात ते होते. मग मी लिहिलं, 'नैसर्गिकरीत्या साचलेल्या सपाट दगडांखाली ओलावा टिकून राहतो व तो वनस्पतीस पोषक ठरतो.' ओलावा टिकतो हे खरंच आहे. खोटं त्या वाक्यात 'नैसर्गिकरीत्या' एवढंच. पुढं एका परिसंवादात मी हे मांडलं तेव्हा मागच्या रांगेतली एक पोरगेलीशी संशोधक उठली आणि तिनं विचारलं, "मॅडम, सगळे दगड चपट्याच अंगावर आणि नेमके बुडाशीच कसे?" मी हसून म्हणाले, "वरून घरंगळत येतात." ती बसली. घरंगळलेला दगड कसा पडतो हे मला चांगलं माहीत आहे. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. तो नारळ मी घरी फोडला नाही, कुणाला तरी देऊन टाकला. तेवढीच काय ती माझी त्या वेळची टोचणी.

अहवालाचं शेवटचं पान होतं शिफारशींचं. जिथं शेळ्या पोचतात तिथं खरपुडी विरळ, जिथं पोचत नाहीत तिथं भरपूर. तेव्हा कड्याच्या माथ्यावर आणि पायथ्याच्या उतारावर चराई बंद करावी. वाचायला किती सरळ वाटतं! ज्यांच्याकडं ते कागद गेले त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि अगदी मनापासून ते अमलात आणलं. पुढच्या उन्हाळ्यात तारेचं कुंपण आलं, फलक आला. फलकावर खरपुडीच्या फुलाचं रंगीत चित्र आहे, दत्तानं काढलेलं. त्याला त्याचं कौतुकच होतं, पण चित्र पाहायला जाऊन आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "म्याडम, डोंगूर लई भारी दिसतोय, पर वाडी गप झालीया." वाडीची जवळची चराई तीच होती. दुसऱ्या अंगाला शेतं आहेत आणि तिथं शेळी घुसली की भांडण ठरलेलं. भागामावशींनी एकेक करत शेळ्या विकल्या. चार ठेवल्या, त्या दाव्याला बांधून. सोपाननं मेंढरं मोडली आणि दसरा झाला की तो बायको-लेकरांसह ऊसतोडीला जायला लागला. परत येतो तो मृग तोंडावर आल्यावर, आणि आल्या आल्या मिळेल त्या मजुरीला लागतो. शिवाय कुंपणाच्या आत दोर घेऊन जाणार कोण?

मधल्या काळात भागामावशी मला एकदाच भेटल्या. डोळे दाखवायला अंबाजोगाईला आल्या होत्या. मी भाजी घेत होते. त्यांनीच मला ओळखून हाक मारली. "बरं हाय का, बाई? वाळल्यात लई." पिशवीतून मूठभर रानमेवा काढून माझ्या हातावर ठेवला, बोरं होती. मी त्यांना चहा पाजला. शेळ्यांचं विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. मला वाटलं, बरं झालं, विसरल्या. बोरं घरी नेऊन मी धुतली, मीठ लावलं आणि खाल्ली सुद्धा. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतं हे मला परक्याकडून शिकायची गरज नाही.

आणि यंदा पुन्हा भाद्रपद आला. चार वर्षांनी फेरपाहणी करायची असं मूळ कागदातच होतं, आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, तेव्हा ती माझ्याच वाट्याला आली. तोच दत्ता, नवा ड्रोन, तीच मी, गुडघे आणखी थकलेले. कुंपणाच्या आत कुसळी कमरेएवढी माजली होती. साडीच्या काठाला ती अशी चिकटली की नंतर दोन दिवस वेचत बसले. शेळ्या नसल्या की उतार हिरवागार होईल, खरपुडी पसरेल, असं मी लिहिलं होतं. उतारावर आम्हाला एकही वेल दिसली नाही. आम्ही गवताखाली हातानं चाचपून पाहिलं. मग ड्रोन वर गेला. फळी आली. मी छत्री घट्ट धरली. एक दगड, दुसरा दगड, तिसरा दगड. कशाच्याच बुडाशी काही नाही. पार टोकाला दोन वेली होत्या, बिनफुलाच्या. दत्तानं ड्रोन तीनदा फिरवला. मग हळूच म्हणाला, "म्याडम, नवरी दिसंना." दरवेळी त्याच्या ह्या शब्दावर मी हसायचे. त्या दिवशी मी त्याला ड्रोन खाली घ्यायला सांगितलं.

परत निघताना मी दत्ताला गाडी वाडीकडं घ्यायला सांगितली. भागामावशी अंगणात बाभळीखाली बसून शेळ्यांसाठी विळ्यानं सुबाभळीचा पाला साळत होत्या. चारी शेळ्यांची दावी ताणलेली, खुंट्यांभोवती माती गोल उकरलेली. "या बाई. बसा." त्यांनी पोतं अंथरलं, तांब्या दिला. पाणी गार होतं. मी एका घोटात प्यायले आणि म्हणाले, "मावशी, फळीवरच्या वेली गेल्या."

"जातीलच की. कोन उतरतंय आता."

"तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं. दोराचं, बेण्याचं. मी ते कागदात लिहिलं नाही. म्हणून हे सगळं झालं."

त्यांनी पाल्याची नवी फांदी ओढली. "तुमाला कळलं नसंल, बाई. आमची बोली अशी आरबाट. वाडीतली मान्सं लई बोलली तुमाला. सोपान तर तुमच्या कालिजात येऊन भांडनार व्हता. म्या आडवी झाले त्याला. म्हनलं, त्या बाईच्या मनात पाप न्हाई. शिकलेली हाय, पर डोंगरातलं तिला काय ठावं? तिला उमगलंच न्हाई. म्या समद्यांशी भांडले, बाई, तुमच्यापायी."

तीन वर्षं. तीन वर्षं ह्या बाई माझी बाजू घेऊन वाडीशी भांडत होत्या. मला तिथंच गप्प बसता आलं असतं. मान खाली घालायची, डोळे पुसायचे, 'चुकलंच मावशी, मला समजलं नाही' म्हणायचं. त्यांनी मला माफ केलंच होतं, नुसतं ते उचलून घरी न्यायचं होतं. मोह झाला. खोटं कशाला सांगू, फार झाला. मग माझी नजर त्या ताणलेल्या दाव्यांकडं गेली.

"मला कळलं होतं, मावशी," मी म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं."

विळा थांबला. "समदं?"

"सगळं."

"दगडाचं बी?"

"दगडाचंही."

त्या मान वर करून माझ्याकडं बघायला लागल्या. रागानं नाही. बाजारात ओळखीचं म्हणून हाक मारावी आणि भलतंच माणूस वळून बघावं, तशा. मग शेळ्यांकडं तोंड करून म्हणाल्या, "मंग मीच येडी की."

मी भडाभडा बोलायला लागले. आता सगळं लिहिते म्हणाले. तुमचं नाव घालते, सोपानचं घालते, तुमच्या मालकांचं घालते, फळी कुणी जपली ते सगळ्यांना कळू दे, असं बरंच काही. त्यांनी ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"नावं कशाला लिवता," त्या म्हणाल्या. "शेरडं सोडा म्हनून लिवा."

पुन्हा विळा चालू झाला. मी उठले तेव्हा त्या उठल्या नाहीत. दत्तानं गाडी वळवली, आणि सबंध रस्ताभर तो शूटिंगच्या तारखांबद्दल काहीबाही बोलत राहिला. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि माझ्यासाठीच तो बोलत होता, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी विभागात मी खरं काय ते सांगितलं. माझा एक तरुण सहकारी आहे, मनानं चांगला, माझी काळजी करणारा. आधी म्हणाला, "मॅडम, हवामानबदल लिहा. कुणी विचारणार नाही." मी नकारार्थी मान हलवली तेव्हा थोडा विचार करून म्हणाला, "बरं, मग असं लिहा, स्थानिक माहितीचा उल्लेख अनवधानाने राहून गेला. चूक दुरुस्तही होईल आणि तुमच्या निवृत्तीला गालबोटही लागणार नाही."

वाक्य चांगलं होतं. फेरपाहणीच्या अहवालाबरोबर जाणाऱ्या पत्रात मी ते टाईप केलं. सरकारी कागदांत 'अनवधानाने' हा शब्द किती लोकांच्या उपयोगी पडला असेल! दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं, बाहेर कुणाच्या तरी सोयाबीनच्या मळणीचं यंत्र धडधडत होतं, आणि मी त्या एका शब्दाकडं बघत बसले. मग ते सगळं वाक्यच खोडलं. तिथं लिहिलं, 'फळीवरील खरपुडीची लागवड व जपणूक वाडीतील पशुपालक करीत होते. ही माहिती अहवाल लिहिण्यापूर्वी मला प्रत्यक्ष जागेवर देण्यात आली होती. ती मला समजली होती. मी ती मुद्दाम लिहिली नाही. त्या अहवालावरून लागू झालेली चराईबंदी चुकीची आहे.'

पत्र वाचून पाहिलं. वर विषयाच्या ओळीत सहकाऱ्यानं आधीच भरून ठेवलं होतं, 'मागील अहवालातील दुरुस्तीबाबत.' मी ते पुसलं आणि लिहिलं, 'वाडीतील शेळ्या सोडण्याबाबत.'